पूर्वकर्म, पश्चात्कर्म आणि राहून गेलेले प्रधानकर्म

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात कर्माचे तीन विभाग सांगितले आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे मुखोद्गत असते. पंचकर्म करणारा वैद्य स्नेहन-स्वेदनात आठवडा घालवितो, संसर्जनक्रमात पुढील काही दिवस घालवितो. परंतु या दोहोंच्या मध्ये एक वमन किंवा विरेचन असते आणि बाकीचा सारा खटाटोप त्याच्यासाठीच असतो, याचा त्याला कधी विसर पडत नाही. स्नेहपान झाले, अभ्यंग झाला, बाष्पस्वेद झाला आणि वमन न देताच रुग्णाला पेया घ्यावयास सांगून घरी धाडले, असे कोणी केल्यास आपण त्या वैद्याला हसू.

स्वतःच्या व्यावसायिक दिवसाकडे मात्र आपण या दृष्टीने पाहत नाही. सकाळी नऊला दवाखान्याचे दार उघडते, रात्री नऊला बंद होते. मधल्या काळात क्षणाची उसंत नसते. आणि तरीही रात्री दिवसाचा ताळेबंद मांडू गेल्यास असे दिसते, की पूर्वकर्म पुष्कळ झाले, पश्चात्कर्मही झाले, प्रधानकर्म तेवढे राहून गेले. ही तक्रार एकट्यादुकट्याची नाही. संघटनेच्या बैठकीत चहाच्या वेळी जो तो हेच बोलत असतो. फक्त त्याला 'वेळ पुरत नाही' असे म्हटले जाते. माझ्या मते हे निदान चुकीचे आहे. वेळ पुरत नाही हे लक्षण झाले. व्याधी निराळा आहे.

तो ओळखावयाचा तर आधी वैद्याचे प्रधानकर्म कोणते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात वैद्याचे चार गुण सांगितले : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्म वारंवार पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता. या चारांत दवाखान्यातील गर्दीचा, भिंतीवरील सन्मानचिन्हांचा किंवा समारंभातील उपस्थितीचा उल्लेख नाही. या चार गुणांतून दिवसाची जी कामे निघतात ती तीनच आहेत. रुग्णाचे परीक्षण करून निर्णय घेणे, त्या निर्णयाची नोंद ठेवणे आणि ग्रंथाकडे परत जाणे. फार्मसीमालकाच्या बाबतीत ते एकच आहे : दारात आलेले द्रव्य तेच आहे का आणि चांगले आहे का, हे पाहणे. चतुष्पादातील दुसरा पाद त्याच्या हाती आहे. बाकी सर्व कामे, कितीही आवश्यक असोत, या कामांच्या सेवेसाठी आहेत.

आता प्रत्यक्ष दिवस पाहा. दवाखाना उघडल्याबरोबर रात्रभरात आलेले व्हॉट्सॲपवरील शंभरेक संदेश पाहावे लागतात. त्यांतील दोन रुग्णांचे असतात, बाकीचे सुप्रभाताचे. मग औषधकंपनीचे प्रतिनिधी येतात. दहावर दोन, दहावर तीन, मार्चअखेरची खास योजना, यांचे हिशोब होतात. शाळेचे तंदुरुस्तीचे दाखले, विम्याचे कागद, जैविक कचऱ्याची नोंद, पुड्या बांधणे, संपलेल्या वट्यांची यादी, दुपारी कोणाच्या तरी सत्काराला जाणे, सायंकाळी शिबिराच्या फ्लेक्सवर कोणाचे छायाचित्र कोठे असावे यावर अर्धा तास दूरध्वनी. प्रत्येक काम सुटे घेतले तर किरकोळ आहे, आणि कोणतेही वाईट नाही. म्हणूनच ते बिनबोभाट आत शिरते.

यात रुग्णाच्या वाट्याला काय येते? सकाळच्या तीन तासांत तीस रुग्ण पाहिले असे धरू. अनेक ठिकाणी ही संख्या भूषणावह समजली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे आली. त्यांतून नाव-गाव, पैसे देणे-घेणे आणि औषध कसे घ्यावे हे सांगणे वजा केले तर परीक्षणासाठी तीन मिनिटे उरतात. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती ही अष्टविध परीक्षा तीन मिनिटांत होते असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझा वाद नाही. परंतु विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील दशविध परीक्षा, म्हणजे प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय, ही तीन मिनिटांत होत नाही. मग ती सोडून दिली जाते आणि लक्षणावरून कल्प ठरतो. आम्लपित्त म्हटले की अमुक, संधिशूल म्हटले की तमुक. जे आपण आधुनिक वैद्यकाबद्दल बोलतो, की ते रोगाला औषध देतात, रोग्याला नव्हे, तेच आपल्या टेबलावर होऊ लागते.

यावरचा उपाय शोधताना आपल्याला व्यवस्थापनशास्त्राची जाड पुस्तके चाळण्याची गरज नाही. कामांचा क्रम कसा लावावा याचे जे तत्त्व आपण रोज रोगांना लावतो तेच पुरेसे आहे. विमानस्थानाच्या सहाव्या अध्यायात अनुबंध्य आणि अनुबंध हा भेद आला आहे. जो स्वतंत्र आहे, ज्याची लक्षणे स्पष्ट आहेत, ज्याचा हेतू आणि उपशम त्याच्या स्वतःचा आहे, तो अनुबंध्य. याच्या उलट तो अनुबंध. अनुबंध्याची चिकित्सा केली की अनुबंध बहुधा आपोआप शमतो. अनुबंधामागे धावत राहिल्यास अनुबंध्य वाढत जातो आणि रोज नवा अनुबंध उभा करतो. दवाखान्यातही असेच घडते. रुग्णाचे नीट परीक्षण झाले नाही म्हणून त्याला गुण येत नाही. गुण येत नाही म्हणून तो चार दिवसांनी पुन्हा दूरध्वनी करतो, औषध बदलून मागतो, दुसऱ्या रुग्णाजवळ शंका बोलून दाखवितो. मग त्याची समजूत काढण्यात, नवे रुग्ण मिळविण्यासाठी शिबिरे घेण्यात आणि शिबिरांच्या जाहिरातीत वेळ जातो. आणि त्यामुळे परीक्षणास आणखी कमी वेळ उरतो. ज्याला आपण कामाचा व्याप म्हणतो त्याचा मोठा भाग हा न केलेल्या प्रधानकर्माचा अनुबंध असतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. काही कामे गौण असली तरी थांबू शकत नाहीत. कराचे विवरणपत्र मुदतीत गेले नाही तर दंड होतो, नोंदणीचे नूतनीकरण राहिले तर दवाखाना बंद ठेवावा लागतो. याचेही उत्तर चरकात आहे. विसर्पचिकित्सेत उपद्रवाचे वर्णन करताना आचार्य सांगतात, की उपद्रव हा मूळ रोगानंतर आणि त्याच्याच आश्रयाने उत्पन्न होतो, प्रधान व्याधी शमला की तो बहुधा शमतो. परंतु शरीर आधीच क्लेशलेले असल्याने तो अधिक पीडाकर ठरतो, म्हणून त्याचा प्रतिकार त्वरेने करावा. विवरणपत्रे आणि परवाने ही कामे या वर्गातील आहेत. ती त्वरेने करावीत, ठरावीक दिवशी एकत्र बसून करावीत, शक्य तेथे माहितगार माणसाकडे सोपवावीत आणि मोकळे व्हावे. त्वरेने करावयाचे काम आणि प्रधान काम हे एकच नव्हे, एवढा विवेक पुरे. सुप्रभाताचे संदेश आणि फ्लेक्सवरील छायाचित्रे मात्र उपद्रवातही बसत नाहीत. त्यांना कोणत्या वर्गात घालावे, हे वाचकांवर सोपवितो.

प्रधानकर्म राहून गेल्याने काय बिघडते, हे एका रुग्णाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. चाळिशीच्या आतील एक शिक्षिका असृग्दराची तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. सोनोग्राफीत गाठ वगैरे काही नव्हते. त्यांच्या गावातील वैद्यांनी अशोकाच्या सालीचा क्षीरपाक दिला होता. योजना शास्त्राला धरून होती, मात्रा योग्य होती, पथ्यही सांगितलेले होते. दोन महिन्यांत काहीच उतार पडला नव्हता. अशा वेळी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे कल्प बदलणे. त्याला अर्धे मिनिट लागते. मी त्यांना घरी उरलेली साल घेऊन येण्यास सांगितले. त्यांनी ती आणली. अशोकाच्या सालीवर चामखिळीसारखे जे बारीक उंचवटे असतात ते तीवर नव्हते, पृष्ठत्वचेखाली दिसणारा पातळ पांढुरका थर नव्हता, आणि जिभेवर ठेवताच जी कषायता जाणवावयास हवी ती नव्हती. एका महाविद्यालयातील द्रव्यगुणाच्या अध्यापकांना ती दाखविली. त्यांनी ती बंगल्यांच्या कुंपणाशी उंच, सरळ वाढणाऱ्या आसुपालवाची ठरविली. लोक त्यालाच अशोक म्हणतात आणि बाजारात त्याचीच साल अशोक म्हणून येते, हे आपल्याला पुस्तकातून ठाऊक असते. खरी साल मिळवून तोच क्षीरपाक, त्याच मात्रेत दिला. तिसऱ्या पाळीपासून स्राव मर्यादेत आला.

एका रुग्णावरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. मला येथे निराळा मुद्दा मांडावयाचा आहे. या साखळीत वैद्य, दुकानदार आणि त्याला माल देणारा व्यापारी असे निदान तीन लोक होते. तिघेही उद्योगी होते. साल चाखून पाहण्यास जी दोन मिनिटे लागतात ती तिघांपैकी कोणाच्याच दिवसात नव्हती. आणि ज्या सूचनेला शास्त्राचा आधार होता ती सूचना रुग्णाच्या दृष्टीने खोटी ठरली. त्या बाईंनी आणखी चार जणींना 'आयुर्वेदाने काही होत नाही' असे सांगितले असते, तर त्यांचे काय चुकले असते?

हा प्रश्न किती दूर जाऊ शकतो, हे आपण सर्वांनी २०२१ साली पाहिले. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा घेतला जात होता. मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले आणि वर्तमानपत्रांतून त्यावर मोठी चर्चा झाली. आयुष मंत्रालयाने त्या अभ्यासात वनस्पतीची ओळखच निश्चित केलेली नाही, असा आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या खऱ्या गुळवेलीशी साधर्म्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पाकडे लक्ष वेधले. आक्षेप रास्त होता. परंतु तो घेताना आपल्या बाजूची स्थिती काय होती? आपल्यापैकी किती जणांच्या रुग्णपत्रकावर, या रुग्णाला गुळवेल कोणत्या तारखेपासून, किती मात्रेत, कोणत्या पुरवठादाराकडील, ओली की वाळलेली दिली, आणि महिन्याने त्याच्या यकृताच्या तपासण्या कशा होत्या, हे लिहिलेले होते? त्या वर्षी वैद्यांनी हजारो लोकांना गुळवेल दिली. तेवढी रुग्णपत्रके टेबलावर ठेवता आली असती, तर वादाचा निकाल पुराव्याने लागला असता. आपण संदेश पुढे पाठविले, निषेधाची पत्रके काढली. त्यात बराच वेळ गेला.

रुग्णपत्रकाबद्दल बोलताना मला नेहमी एक शंका विचारली जाते, की लिहिणे हेच मुळी कारकुनी काम नव्हे काय? प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण एकच कागद प्रधानकर्म असू शकतो आणि निरर्थक उठाठेवही असू शकतो. शेड्यूल 'टी' सन २००० मध्ये लागू झाल्यापासून फार्मसीत प्रत्येक बॅचची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. एका फार्मसीत मी ती नोंदवही पाहिली. अक्षर मोत्यासारखे, शाई एकच, सहा महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत लिहिलेल्या. संधानाच्या अठरा बॅचमध्ये तापमान एकसारखे, आणि तेही वैशाखात आणि पौषात. ज्याने आसवारिष्टाचे पिंप एकदा जरी उघडले आहे त्याला ठाऊक असते, की थंडीत संधान रेंगाळते आणि उन्हाळ्यात उफाळते. ती वही निरीक्षकासाठी होती. त्याच विषयाची दुसरी वही मी एका जुन्या, छोट्या फार्मसीत पाहिली. तेलाचे डाग पडलेली, मोडी वळणाच्या मराठीत लिहिलेली, 'धायटीची फुले जुनी वाटली, सातव्या दिवशीही फेस नाही, पिंप आतल्या खोलीत हलविले' अशा नोंदींची. ती वही मालकाने स्वतःसाठी लिहिली होती. पुढील वर्षी काय करावयाचे ते तीत सापडत होते. पहिल्या वहीवर खर्च झालेला वेळ वाया गेला असे मी म्हणतो, आणि दुसऱ्या वहीवरील प्रत्येक मिनिट प्रधानकर्माचे होते.

आणि येथे वैद्यबंधूंनी फार्मसीमालकांकडे बोट दाखवू नये. स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध बनविणाऱ्या, ते बाजारात न विकणाऱ्या वैद्यांना शेड्यूल 'टी'तून सूट आहे. याचा अर्थ आपल्या खलातील औषधाची वही पाहावयास कोणी निरीक्षक येणार नाही. ती लिहावयाची ती केवळ आपल्यासाठी.

फार्मसीमालकांसमोर एक अधिक कठीण प्रसंग दरवर्षी येतो, आणि त्याची जाहीर चर्चा झालेली मी तरी वाचलेली नाही. चरकाच्या कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचे काळ दिले आहेत. साल, कंद आणि क्षीर शरद ऋतूत घ्यावेत असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आपल्या पंचांगानुसार भाद्रपद उलटल्यानंतरचे आश्विन-कार्तिक हे महिने. अर्जुन, अशोक, कुडा, लोध्र, शतावरी, विदारी यांची वर्षभराची आवक याच दिवसांत पारखून घ्यावयाची. आणि नेमके याच दिवसांत दिवाळी येते. फार्मसीतील सर्व माणसे उटणे, अभ्यंगतेल आणि भेटीच्या पेट्या भरण्यात गुंतलेली असतात. मालक स्वतः वैद्यांना द्यावयाच्या दैनंदिन्या आणि मिठाईच्या याद्या करीत असतो. सालीची पोती मागील दाराने येतात, वजन होते, गोदामात पडतात. वर्षभराच्या औषधाची गुणवत्ता ज्या पंधरा दिवसांत ठरते ते पंधरा दिवस उटण्याला जातात.

उटणे विकू नये असे मी म्हणत नाही. त्यातून येणारा पैसा फार्मसीला लागतो, हे मला ठाऊक आहे. परंतु पेट्या भरण्याचे काम हंगामी माणसे करू शकतात. पोत्यात हात घालून साल मोडून पाहण्याचे काम मालक किंवा त्याचा जाणता वैद्य यांनाच करावे लागते. तांबडा नागकेशर म्हणून सुरंगीच्या कळ्या येतात, खरा अशोक आता जंगलातच विरळ झाला असून तो संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. म्हणजे दरवर्षी फसगतीची शक्यता वाढणारच आहे.

वैद्यांसाठीही शरद हा विरेचनाचा आणि रक्तमोक्षणाचा काळ आहे. त्याच काळात आपले उत्सव असतात. आयुर्वेद दिन २०१६ पासून धन्वंतरी जयंतीस साजरा होत होता. २०२५ पासून तो २३ सप्टेंबर या तारखेस ठरविण्यात आला. आमच्याकडे आता दोन्ही दिवस साजरे होतात आणि दोन्हींची तयारी महिनाभर आधी सुरू होते. धन्वंतरीचे पूजन करावे, अवश्य करावे. त्यासाठी तीन समित्या, स्मरणिका, सन्मानचिन्हांची निवड आणि व्यासपीठावरील आसनक्रम यांची काय आवश्यकता, हे मला उमगलेले नाही. विरेचनासाठी योग्य असलेला रुग्ण 'आता कार्यक्रमाची गडबड आहे, दिवाळीनंतर या' असे ऐकून परत जातो, तेव्हा त्याचा ऋतू निघून गेलेला असतो.

शासकीय मोहिमांबद्दल थोडे. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये देशभर प्रकृतिपरीक्षणाची मोहीम झाली. भ्रमणध्वनीवरील ॲपच्या साहाय्याने एक कोटीहून अधिक नागरिकांची नोंद झाली आणि गिनीजचे विक्रमही झाले. सामान्य माणसाला 'प्रकृती' हा शब्द कळला, हा लाभ लहान नाही. पण त्या महिन्यात ज्यांची प्रकृती आपण नोंदविली, त्यांतील जे आपले नेहमीचे रुग्ण होते, त्यांच्या रुग्णपत्रकावर ती उतरविली का? ज्यांनी उतरविली त्यांच्या दृष्टीने ते दशविध परीक्षेतील पहिले पाऊल ठरले. ज्यांनी केवळ दिवसाचा आकडा पुरा केला, त्यांचा महिना गेला. मोहीम एकच होती.

ग्रंथवाचनाचा विषय काढला की समवयस्क वैद्य हसतात. आता या वयात? मी बी.ए.एम.एस. झालो त्यास वीस वर्षे उलटली. माझ्या वर्गातील बहुतेकांची चरकसंहिता त्या वर्षानंतर उघडलेली नाही. हिशोब अगदी साधा आहे. चरकसंहितेचे अध्याय १२०. आठवड्याला एक वाचला तर दोन वर्षे आणि चार महिन्यांत संपूर्ण ग्रंथ होतो. अष्टांगहृदयाचेही अध्याय १२०. म्हणजे पाच वर्षांच्या आत दोन्ही संहिता व्यवसाय सांभाळून वाचून होतात, आणि चिकित्सेचा अनुभव असताना वाचल्याने ज्या वाक्यांवरून विद्यार्थिदशेत डोळे नुसते फिरले ती आता थांबवितात. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य हे मुंबईत चिकित्सा करणारे वैद्य होते. ती करीत असतानाच त्यांनी चक्रपाणीच्या टीकेसह चरकाचे आणि डल्हणाच्या टीकेसह सुश्रुताचे संपादन केले. निर्णयसागरने छापलेल्या त्याच आवृत्त्यांवर आजही आपले पठन-पाठन चालते. त्यांच्या दारीही रुग्ण येत असतील, त्यांनाही निमंत्रणे येत असतील. कोणाला 'नाही' म्हणावयाचे, हे त्यांनी ठरविले असले पाहिजे.

तरुण वैद्यांची एक अडचण मी टाळू इच्छित नाही. दवाखान्याच्या जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता, घरखर्च यांच्यापुढे तीस रुग्णांऐवजी पंधरा रुग्ण पाहा असे सांगणे सोपे नाही. मी तसे सांगतही नाही. सर्वच रुग्णांना समान वेळ देण्याची आवश्यकता नसते. प्रतिश्यायाच्या रुग्णाला पाच मिनिटे पुरतात. नवा जीर्ण रुग्ण मात्र गर्दीच्या वेळी घेऊच नये. त्याला दुपारी वेळ ठरवून बोलवावे, पाऊण तास द्यावा आणि त्या पाऊण तासाचे वेगळे शुल्क संकोच न करता घ्यावे. परीक्षणाचे पैसे मागण्यास आपण लाजतो आणि ते पैसे औषधाच्या किमतीत मिळवतो. म्हणूनच योजनांचे हिशोब करण्यात आपला वेळ जातो. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे सांगितले आहे. दहावर तीन मोफत मिळतात म्हणून मार्चमध्ये भरून ठेवलेले चूर्ण आपण भाद्रपदात देतो, हा त्या संकोचाचाच परिणाम आहे. जो वैद्य परीक्षणाचे शुल्क घेतो त्याला साठा भरण्याची घाई नसते. माझ्याकडे दुपारच्या या रुग्णांची संख्या आठवड्याला सहाच्या वर जात नाही. दूरध्वनीवरून होणारी विचारपूस मात्र त्यामुळे निश्चित घटली आहे.

संघटनेच्या पातळीवर मी दोन सूचना करू इच्छितो. वार्षिक सभेतील सत्काराचा कार्यक्रम एक वर्ष बंद ठेवावा. ज्यांचा सत्कार व्हावयाचा होता त्यांनी, आणि ते आपल्यातील ज्येष्ठच असतात, त्याच दोन तासांत प्रत्येकी एक रुग्ण सभेपुढे मांडावा. शाल कोणाला मिळाली हे पुढच्या वर्षी आठवत नाही. ज्येष्ठ वैद्याने ग्रहणीच्या एका रुग्णात निर्णय कसा घेतला हे तरुणांच्या कायम लक्षात राहील. दुसरी सूचना फार्मसीमालक सभासदांसाठी आहे. येत्या आश्विनात आवक होणाऱ्या प्रत्येक सालीचा आणि कंदाचा ओंजळभर नमुना, पुरवठादार आणि तारीख लिहून, काचेच्या बरणीत जपून ठेवावा. दिवाळीनंतर एका रविवारी आपण सर्वांनी या बरण्या घेऊन एकत्र बसावे आणि द्रव्यगुणाच्या अध्यापकांना बोलवावे. फ्लेक्सची आवश्यकता नाही.

या त्रैमासिकाच्या संपादकांनाही विनंती आहे. मागील पानांवर जेथे समारंभांची छायाचित्रे येतात तेथे दर अंकात तीन रुग्णवृत्ते यावीत. वृत्त एका पानाचे असावे. दशविध परीक्षेतील किती गोष्टी पाहिल्या आणि किती राहिल्या हे त्यात प्रामाणिकपणे लिहिलेले असावे, औषध कोठून आणले आणि कोणत्या बॅचचे होते याचा उल्लेख असावा. गुण आला नाही अशी वृत्तेही चालतील. किंबहुना पहिल्या अंकासाठी तशीच मागवावीत.